वर्गणीची पावती आणि कराची सूट

जुलै २०१७ मध्ये सुरतेच्या रिंग रोडवरची कापड बाजारपेठ दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद होती. जीएसटी नुकताच लागू झाला होता. ज्यांचा करनोंदणीशी फारसा संबंध आला नव्हता, असे हजारो व्यापारी दुकानांची शटर ओढून रस्त्यावर उतरले. मोर्चे इतके मोठे निघाले की देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर सुरत आली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये कापडावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर न्यायचे ठरले, तेव्हा याच बाजारातून विरोध उठला आणि ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने तो निर्णय पुढे ढकलला. कराच्या प्रश्नावर माणसे संघटित होतात, टिकून राहतात आणि सरकारला थांबायलाही लावतात, हे सुरतेने स्वतः पाहिले आहे. फक्त ती संघटना व्यापाऱ्यांची होती.

त्या बाजारातले कापड ज्यांच्या हातून जाते, ती माणसे राहतात तापीच्या पलीकडे. मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावर सुरत सोडून उत्तरेकडे निघाले की उत्राणनंतर कोसाड स्टेशन लागते. शेजारी अमरोली, आसपास लूम्सची आणि एम्ब्रॉयडरीची खाती, आणि कोसाड आवास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महापालिकेच्या इमारतींच्या रांगा. शहरातल्या झोपडपट्ट्या हलवून तिथल्या कुटुंबांना इथे घरे दिली गेली. सुरतेच्या अशा वस्त्यांमध्ये ओडिशातल्या गंजामहून आलेला लूम कारीगर, सौराष्ट्रातला हिरे घासणारा रत्नकलाकार, उत्तर प्रदेश-बिहारचा एम्ब्रॉयडरी मशीनवरचा मुलगा आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेला खानदेशी माणूस एकमेकांच्या शेजारी राहतात. खानदेशी वस्ती लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अधिक दाट असली, तरी जगण्याची रीत सगळीकडे सारखीच. बारा तासांची पाळी, मीटरवर दर, हातात रोख पैसे, आणि गल्लीतल्या बायकांना घरबसल्या साडीला लेस लावण्याचे, स्टोन चिकटवण्याचे, धागे कापण्याचे काम. युनियन मात्र अगदी विरळ.

कराचा वापर करून कामगार संघटनांना बळ देता येईल का, हा प्रश्न जगात गेली काही वर्षे गांभीर्याने चर्चेत आहे. कोसाडच्या गल्लीत तो दूरचा वाटेल. पण इथले लूम्स कसे वाढले याचा इतिहास पाहिला, तर करधोरण या गल्लीत फार पूर्वीच येऊन गेले आहे असे दिसते. त्याने नेमके उलटे काम केले.

स्वातंत्र्यानंतर संघटित कापड गिरण्यांवर अबकारी कर बसला. हातमाग आणि छोटे यंत्रमाग वाचावेत म्हणून त्यांना सवलती मिळाल्या. चार मागांपर्यंतच्या घटकांना एकेकाळी पूर्ण सूट होती, मोठ्यांना चढत्या दराने कर. १९५४ च्या कानुनगो समितीपासून १९६४ च्या अशोक मेहता समितीपर्यंत या धोरणावर अहवाल येत राहिले. दरम्यान १९५६ पासून गिरण्यांना नवे माग बसवण्यावर बंधने आली. हेतू रोजगाराचा होता आणि तो प्रामाणिक होता. परिणाम असा झाला की एकाच छपराखालचे माग बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावावर चार-चारच्या हिशोबाने कागदावर वेगळे झाले. कागदावर वेगळे झाल्यावर कारखाना कायदा लागू होईना, भविष्य निर्वाह निधीची वीस कामगारांची मर्यादा गाठली जाईना. गिरणीच्या दारात एका भोंग्यावर हजारो कामगार जमत, तिथे युनियन उभी राहणे स्वाभाविक होते. आठ-दहा जणांच्या खात्यात युनियनचे नाव काढणारा दुसऱ्या दिवशी कामावरून जातो.

मुंबईचा १८ जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतर गिरण्यांचा अस्त ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यात डॉ. दत्ता सामंत असतात, मालक असतात, जमिनी असतात. अबकारी कराचे वेळापत्रक सहसा नसते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत इथे विणकाम सरकले, त्यामागे स्वस्त मजुरी होती आणि करातला फरकही होता. देशातल्या कापडाचा निम्म्याहून मोठा वाटा आज यंत्रमागावर निघतो. धुळे, अमळनेर, जळगावच्या गिरण्या बंद पडल्या आणि तिथल्या घरांतली पुढची पिढी ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेला आली, तेव्हा वडिलांकडे असलेले युनियनचे कार्ड तिच्याकडे नव्हते. म्हणून ‘कराने संघटनेत ढवळाढवळ का करावी’ हा आक्षेप इथे लंगडा पडतो. ढवळाढवळ आधीच झालेली आहे आणि तिची किंमत कामगाराने मोजली आहे.

आजच्या कायद्यात काय आहे तेही पाहायला हवे. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(२४) ने नोंदणीकृत कामगार संघटनेचे घरभाड्याचे आणि इतर स्रोतांचे उत्पन्न करमुक्त केले. संघटना म्हणून सवलत एवढीच. सभासदाने भरलेल्या वर्गणीला पगारदाराच्या उत्पन्नातून कोणतीही वजावट नाही. याउलट कारखानदार चेंबर ऑफ कॉमर्सची किंवा उद्योगसंघाची वर्गणी भरतो तेव्हा तो धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. कामगारांशी लेबर कोर्टात लढण्यासाठी लावलेल्या वकिलाची फीसुद्धा धंद्याचाच खर्च ठरते. जुन्या करप्रणालीत राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर पूर्ण वजावट आहे. मालकाच्या वर्गणीला, पक्षाच्या देणगीला सवलत आणि कामगाराच्या वर्गणीला शून्य, ही विषमता कोणी मुद्दाम आखली असेल असे नाही. पण ती आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्याच्या चर्चेत तिच्यावर फारसे कोणी बोलले नाही.

नॉर्वेत वर्गणीवर थेट वजावट मिळते. २०२१ पर्यंत तिची मर्यादा वर्षाला ३,८५० क्रोनर होती. ती २०२२ मध्ये ५,८०० आणि २०२३ मध्ये ७,७०० झाली, म्हणजे दोन वर्षांत दुप्पट. या सवलतीत वेळोवेळी झालेल्या बदलांचा आधार घेऊन एर्लिंग बार्थ, अ‍ॅलेक्स ब्रायसन आणि हाराल्ड डाले-ओल्सेन या अर्थतज्ज्ञांनी हजारो कंपन्यांची आकडेवारी तपासली. २०२० मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की सवलतीमुळे वर्गणी स्वस्त झाली तिथे सभासद वाढले, आणि सभासद वाढले तिथे वेतनाबरोबर उत्पादकताही वाढली. युनियन आली की काम बसते, हे आपल्याकडच्या मालकवर्गाचे आवडते वाक्य आहे. त्याला इतके नेमके उत्तर क्वचित मिळते.

स्वीडनने उलट प्रयोग केला. जानेवारी २००७ मध्ये तिथल्या सरकारने वर्गणीवरची २५ टक्के करसवलत काढून टाकली आणि त्याच वेळी युनियनांशी जोडलेल्या बेरोजगारी निधीची फी वाढवली. २००६ मध्ये ७७ टक्के कामगार संघटित होते, २००८ मध्ये ७१ टक्के उरले. यातला मोठा वाटा बेरोजगारी निधीच्या फीचा होता हे मान्य केले, तरी शंभर वर्षांची परंपरा असलेल्या देशात दोन वर्षांत सहा टक्केबिंदूंची घसरण ही धोक्याची घंटा होती. २०१८ मध्ये सवलत परत आली आणि २०१९ मध्ये पुन्हा गेली. सरकारच्या हातातली सवलत सरकारबरोबर जाते, हा धडा तिथूनच घ्यावा.

फ्रान्समध्ये वर्गणीच्या ६६ टक्के रकमेचा करपरतावा मिळतो. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्यालाही ती रक्कम सरकार देते. कोसाडसाठी हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा आहे. भारतात २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. लूमवर काम करणारा कारीगर या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. त्याला वर्गणीवर आयकराची वजावट देणे म्हणजे ज्याच्याकडे वीजजोडणीच नाही त्याला बिलात सूट देण्यासारखे आहे. नॉर्वेचा नमुना जसाच्या तसा उचलला, तर फायदा बँकेतल्या, विम्यातल्या, सरकारी कंपन्यांतल्या वरच्या पगाराच्या सभासदांना होईल. त्यांच्या युनियन आधीच मजबूत आहेत.

अमेरिकेत सभासदाला सवलत देण्याऐवजी मालाला देण्याचा विचार झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने संमत केलेल्या विधेयकात, युनियन असलेल्या कारखान्यात जुळवलेल्या विजेच्या गाडीवर ग्राहकाला ४,५०० डॉलर जादा सवलत होती. टोयोटा, होंडा, टेस्ला या कंपन्या आणि कॅनडा, मेक्सिको ही सरकारे विरोधात उभी राहिली, आणि ती तरतूद कायद्यात आलीच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जो कायदा झाला त्यात युनियन हा शब्द टाळून दुसरी वाट काढली गेली. सौर आणि पवन प्रकल्पांना मूळ ६ टक्के करसवलत, आणि परिसरातले प्रचलित वेतन देऊन ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतले तर पाचपट, म्हणजे ३० टक्के. प्रचलित वेतन अनेक व्यवसायांत युनियनच्या करारानेच ठरत असल्याने युनियन असलेला ठेकेदार आपोआप स्पर्धेत बरोबरीला आला. २०२२ मध्येच तिथे आणखी एक विधेयक मांडले गेले. युनियन रोखण्यासाठी कंपनी सल्लागारांवर जो खर्च करते, तो करातून वजा करू देऊ नये, एवढीच त्याची मागणी. ते मंजूर झाले नाही.

हे सगळे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. जिथे कामगाराचा कर कापला जातो तिथे सवलत कामगाराला देता येते. जिथे त्याचे नावच मस्टरवर नाही, तिथे अट मालकावर आणि मालावरच घालावी लागते.

भारतात अशा अटी नव्या नाहीत. कलम ८०जेजेएए नुसार नवे कामगार घेणाऱ्या मालकाला त्यांच्यावरच्या वाढीव खर्चाच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षे मिळत आली. अट अशी की कामगाराचा पगार २५,००० च्या आत असावा, तो भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असावा आणि वेतन बँकेमार्फत दिलेले असावे. सुरुवातीला ही सवलत कारखान्यातल्या नियमित कामगारांपुरती होती, २०१६ मध्ये तिची व्याप्ती वाढली. कलम ४३बी ने निधीतला मालकाचा हिस्सा प्रत्यक्ष भरल्याशिवाय खर्च म्हणून धरू दिला नाही, आणि कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही तर वजावट गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात सांगितले. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास खर्चाची वजावट थांबवणारे ४३बी(एच) २०२४ मध्ये अमलात आले, तेव्हा सुरतेच्या बाजारात महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या उधारीची चर्चा एकदम तातडीची झाली. कामगार आयुक्तांच्या नोटिशीला न घाबरणारा मालक आयकराच्या वजावटीला जपतो. ही ताकद सरकारला माहीत आहे आणि ती वापरलीही जाते. लाभाच्या अटींत सामूहिक कराराला जागा द्यायचे मात्र राहून गेले. १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचा अंदाजित खर्च ९९,४४६ कोटी रुपये आहे आणि मालकाला दर नव्या कामगारामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. कामगारांशी करार केला असेल तर थोडे अधिक, अशी एक ओळ त्यात घालता आली असती.

महाराष्ट्रात मात्र दोन प्रयोग असे झाले आहेत की त्यांच्यापुढे नॉर्वेचे उदाहरण फिके पडावे. पहिला विडीचा. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून विडी कामगारांसाठी कल्याण निधी झाला. लाभ घ्यायचा तर ओळखपत्र हवे, ओळखपत्रासाठी कोणीतरी कारखान्याच्या शाखेत भांडायला हवे. सोलापुरात ते काम लाल बावट्याच्या युनियनने केले. घरी बसून विड्या वळणारी बाई, जिला मालक कामगार म्हणायला तयार नव्हता, ती कार्ड घेऊन सभासद झाली. पुढे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीला गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. कोसाड आवासमध्येही हजारो कुटुंबांना घरे मिळाली. ती झोपडी पाडल्याच्या बदल्यात मिळाली, आणि जागा कुठे हे कुटुंबांना विचारून ठरले नाही. सोलापूरच्या बायकांनी आपली वसाहत मागून, लढून, स्वतःचा वाटा भरून उभी केली. एका उपकराने संघटनेला केवढे अंगण मिळवून दिले, हे दाखवायला याहून मोठा पुरावा नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विडीवरचा तो उपकर रद्द झाला. सुरतेच्या व्यापाऱ्यांचा मोर्चा देशाने पाहिला. विडी कामगारांचा हक्काचा निधी गेला, त्याची बातमी आतल्या पानावरही क्वचित आली.

दुसरा प्रयोग माथाडींचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा आला. हमालाला कोणी एक मालक नसतो, म्हणून त्रिपक्षीय मंडळे झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा आणि औषधोपचार. मंडळात नोंदणी, नोंदणीतून टोळी, टोळीतून युनियन, आणि युनियनचा माणूस पुन्हा मंडळावर. मुंबईत कापड बाजाराचे स्वतंत्र मंडळ आहे. पाठीवर गाठोडे घेऊन जिने चढणाऱ्या हमालाला मुंबईत जे मिळाले, ते रिंग रोडवर पार्सल वाहणाऱ्याला का मिळू नये, हा प्रश्न सुरतेतल्या मराठी माणसाने तरी विचारायला हवा. माथाडीत पुढे खंडणीखोर टोळ्या शिरल्या, बनावट नोंदी झाल्या, हेही खरे. तरी पन्नास वर्षांनंतर नवी मुंबईच्या बाजार समितीत हमालाच्या हातात निवृत्तीच्या वेळी काही रक्कम असते.

सुरतेच्या लूम्सना ही रचना लागू पडेल असे वाटण्याला कारण आहे. लूमचे मालक असंख्य आणि विखुरलेले असले, तरी त्यांचे ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी ज्या प्रोसेस हाउसमध्ये जाते त्यांची संख्या त्यामानाने फार कमी आहे. तिथे प्रत्येक ताक्याचे मीटर मोजले जाते, जीएसटीचे बिल होते. मीटरमागे काही पैशांची लेव्ही तिथे घेतली, तर मागच्या प्रत्येक खात्यात पाहणी करत फिरावे लागणार नाही. जीएसटीनंतर राज्याला मालाच्या विक्रीवर नवा कर लावता येत नाही, पण माथाडीसारखी मजुरीशी जोडलेली कल्याण लेव्ही हा वेगळा मार्ग आहे. राजस्थान आणि कर्नाटकाने अलीकडे गिग कामगारांसाठी व्यवहारावर कल्याण शुल्काचे कायदे केले, तेही याच वाटेने.

इथे एक इशारा गरजेचा आहे. सरकारची मर्जी असलेली युनियन ही कामगाराची असतेच असे नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली आणि गिरणी कामगार मनाने कधीचाच त्या संघाबाहेर गेला. अडीच लाख कामगार दत्ता सामंतांकडे का गेले, याचे बरेचसे उत्तर त्या कायद्यात आहे. कराची सवलत आली की मालकाने खिशात ठेवलेल्या युनियन रातोरात उगवतील. त्याला उपाय गुप्त मतदानाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के पाठिंब्याची अट आहे, पण ती मस्टरवरच्या कामगारांची. मस्टरच खोटे असेल तर टक्केवारी कशाची काढणार? म्हणून कराची अट आधी मस्टर खरे करण्यावर हवी. बँकेतून पगार आणि पगाराची चिठ्ठी ही पहिली पायरी, मतदान दुसरी, सवलत तिसरी. क्रम उलटा केला तर पैसा भलत्याच हातात जाईल.

राज्याच्या हातात आज, दिल्लीला न विचारता, एक साधन आहे. व्यवसाय कर. गुजरातमध्ये महिना १२,००० च्या वर पगार असलेल्याकडून दरमहा २०० रुपये कापले जातात. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पुरुष कामगाराकडून तेवढेच, फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेच्या कलम २७६ ने याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे. सुरतेच्या रत्नकलाकारांच्या युनियनने हा कर माफ करावा, अशी मागणी वारंवार केली आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस मंदीने गांजलेले रत्नकलाकार संपावर गेले, तेव्हाही वेतनवाढ आणि मदतीबरोबर ती चर्चेत होती. सरसकट माफीपेक्षा अधिक उपयोगी मागणी करता येईल. मतदानाने मान्यता मिळालेल्या युनियनची वर्गणी भरल्याची पावती दाखवावी आणि तेवढी रक्कम व्यवसाय करातून वळती व्हावी. कामगार संघटना कायद्यातल्या २००१ च्या दुरुस्तीने वर्गणीचा किमान दर वर्षाला १२ रुपये, असंघटित क्षेत्रात ३ रुपये ठेवला होता. एवढ्या पैशात युनियन चालत नाही, वकील मिळत नाही, कार्यालयाचे भाडे निघत नाही. वर्षाला पाचशे-सहाशे रुपयांची वर्गणी करातून वळती झाली, तर कारीगराच्या खिशाला झळ न लागता युनियनला पूर्णवेळ कार्यकर्ता ठेवता येईल. शिवाय सवलत मागायची तर व्यवसाय कर कापलेला असावा लागेल, म्हणजे पगार कागदावर यावा लागेल. जो मालक आज रोख देऊन नामानिराळा राहतो, त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी मागायला कामगाराला स्वतःचे कारण मिळेल.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या दुष्काळी मजुराला हातभार लावावा, हा वि. स. पागे यांच्या योजनेमागचा विचार होता आणि विधिमंडळाने तो उचलून धरला. कामगाराच्या करातून कामगाराची संघटना उभी करणे त्या विचाराशी सुसंगतच आहे. चेंबर ऑफ कॉमर्सची निवेदने दर अर्थसंकल्पाआधी वेळेवर गांधीनगरला आणि मुंबईला पोहोचतात, त्यांत करांचे कलमवार तपशील असतात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि सुरतेतल्या युनियननी मिळून एक निवेदन तसेच तयार करावे: व्यवसाय करातून वर्गणीची वळती, प्रोसेस हाउसवर मीटरमागे लेव्ही, आणि सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक खात्यात गुप्त मतदान. पुढच्या अर्थसंकल्पाआधी ते दोन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या टेबलावर असले पाहिजे.